स्वतःची गाडी नसेल तर ऑक्टोबरातल्या शनिवार-रविवारी पुण्याहून आईला घेऊन कुठल्या लहान गावी जाता येईल?

वाईला जा. तुम्ही लिहिलंय की आई पासष्टीच्या आहेत, चालू शकतात पण दगदग नको, आणि दोन दिवस एकाच गावात निवांत राहायचंय. तुमचं हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर वाईच आली. मी आईला घेऊन एसटीने तीनदा गेलोय, तिन्ही वेळा अश्विनात.

स्वारगेटहून वाई नव्वदेक किलोमीटर आहे, अडीच-तीन तास धरा. गाडीत चढण्याआधी कंडक्टरला एकच विचारा, "वाई स्टँडला जाणार ना?" साताऱ्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या हायवेने सरळ निघून जातात आणि वाईच्या माणसाला सुरूर फाट्यावर उतरवतात. पहिल्या खेपेला आम्ही तसेच उतरलो. तिथून गाव दहाएक किलोमीटर राहतं. वडाप, म्हणजे माणसं भरली की सुटणारी जीप, मिळालं, पण भरेपर्यंत आईला उन्हात उभं राहावं लागलं आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. महाबळेश्वरची गाडी वाई स्टँडवरून जाते, ती चालेल. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आईंचा प्रवास अगदी स्वस्तात होतो.

राहायची खोली गणपती आळीच्या आसपास, कृष्णेच्या घाटाजवळ बघा. गावातलं सगळं पायी होतं, रिक्षा लागत नाही.

पोचल्या दिवशी ऊन उतरलं की ढोल्या गणपतीला जा. हे देऊळ गणपतराव रास्त्यांनी 1762 साली बांधलं. दर्शन झालं की लगेच परत फिरू नका, देवळाला वळसा घालून नदीच्या अंगाने मागे या. मागची भिंत सपाट नाही. ती माशासारखी निमुळती होत गेली आहे आणि तिचं टोक प्रवाहाच्या तोंडावर धरलंय. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फुटतं, दोन्ही बाजूंनी वाटून निघून जातं आणि देवळाला धडक बसत नाही. अश्विनात नदी भरलेली असते, गढूळपणा बसलेला असतो आणि चढलेल्या पाण्याच्या रेघा दगडावर अजून दिसतात. बांधणाऱ्याला नदी किती नीट ठाऊक होती ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. आईने त्या टोकावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग आम्ही पायऱ्यांवर दिवेलागण होईपर्यंत बसलो. गाडीवाली मंडळी इथे वीस मिनिटं थांबून पाचगणीकडे जाणारा पसरणीचा घाट चढतात, त्यांना ही संध्याकाळ मिळतच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मेणवलीला निघा. जेमतेम तीन किलोमीटर आहे. सकाळी धुकं असतं, वाटेत हळदीची रुंद पानं दवाने ओली असतात. आईंना चालवत नसेल तर रिक्षा करा, पण शक्य असेल तर एका बाजूने तरी चाला. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेचा घाट आणि घाटावर मेणेश्वराचं देऊळ. तिथल्या मोठ्या घंटेपाशी थांबा. अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे आणि 1707 हे साल. ही पोर्तुगीजांची घंटा. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांच्या हाती लागली असं सांगतात. चर्चची घंटा महादेवाच्या घाटावर इतकी वर्षं मानाने टांगलेली आहे, ही गोष्ट मला वाईच्या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळची वाटते.

वेळ उरला तर धोमला जाऊन या. रिक्षावाल्याशी जाऊन-येऊन ठरवा, थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. तिथल्या महादेवाच्या देवळातला नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय आणि भोवती कमळासारखं कुंड आहे. कुंडात पाणी असलं की कासव तरंगतंय असं वाटतं. मात्र दुपारी बारा ते चार खोलीवरच राहा. ऑक्टोबरचं ऊन वाईत चांगलंच भाजतं, धुक्याच्या सकाळीवर विसंबू नका.

वाचनाची आवड असेल तर आणखी एक. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चालत आलंय. पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथल्याच प्राज्ञपाठशाळेत शिकले. शनिवार-रविवारी कार्यालय बंद असतं. आम्ही तरी बाहेर पाच मिनिटं उभे राहून आलो, कारण शाळेत असताना त्या जाड खंडांतून मी किती दुपारी काढल्यात.

कास, पाचगणी, महाबळेश्वर यांतलं काहीही या दोन दिवसांत घालू नका. फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी कासला तोबा गर्दी असते आणि एसटीने ती धावपळ आईंना झेपणार नाही.

परतीचं मात्र नीट ठरवा. रविवारी संध्याकाळी महाबळेश्वरहून येणाऱ्या गाड्या भरूनच येतात, वाईत बसायला जागा मिळणं कठीण. स्टँडवर चौकशी खिडकीत शनिवारीच विचारून ठेवा की वाईहूनच सुटणारी पुण्याची गाडी किती वाजता आहे, आणि दुपारचीच धरा. आईंना खिडकी मिळेल. खंबाटकी उतरेपर्यंत उजेड असतो.