चाळीस मिनिटे प्रश्न, दहा मिनिटे पाय

प्रश्न : माझे वय ४७ आहे. नऊ दिवसांपूर्वी बॅडमिंटन खेळताना जाळीजवळचे फूल घेण्यासाठी मी झेपावलो आणि उजव्या पोटरीत सट्कन कळ आली. मागच्या जोडीदाराची रॅकेट लागली असे वाटून मी वळून पाहिले, तर तो बराच लांब उभा होता. पाचव्या दिवशी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी चाळीस मिनिटे नुसते प्रश्न विचारले आणि पायाला जेमतेम दहा मिनिटे हात लावला. झोप, कंबर, प्रवास, गोळ्या, अगदी मला पुढे काय करायचे आहे इथपर्यंत सगळे विचारले. हा वेळ वाया गेला का? शिवाय मी तीन गोष्टी सांगितल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी याच पोटरीत असेच दुखले होते. पहिले दोन दिवस मी गरम शेक घेऊन पोटरी जोरात चोळून घेतली. आणि महिन्याभरापूर्वी लघवीच्या जंतुसंसर्गासाठी औषध घेतले होते, पण त्याचा पायाशी काय संबंध असणार? आता घोट्यापाशी काळेनिळे दिसू लागले आहे.

उत्तर : वेळ वाया गेलेला नाही, तुमच्या निदानाचा मोठा भाग त्या चाळीस मिनिटांतच झाला असणार. दुखावलेला स्नायू हात लावताच आखडतो, सूज असली की बोटांना फारसे काही लागत नाही आणि पहिल्या काही दिवसांत ताकदीच्या चाचण्या दुखण्यापायीच अर्धवट राहतात. अशा वेळी दुखापत होतानाचा तो एक क्षण रुग्णाने कसा सांगितला, यावर बरेच काही अवलंबून असते.

तुमचेच वर्णन घ्या. मागून कोणी मारल्याचा भास हे पोटरीचा स्नायू फाटल्याचे नेहमीचे लक्षण आहे आणि चाळिशीनंतर अचानक झेपावणाऱ्या खेळाडूंमध्ये ते वारंवार ऐकू येते. पंचाईत अशी, की पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा जाड दोर, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटलेला रुग्णही अगदी हेच सांगतो. म्हणून पुढचे प्रश्न येतात : आवाज आला होता का, कळ पोटरीच्या फुगीर भागात आली की टाचेच्या वर चार-पाच सेंटीमीटरवर, आणि त्यानंतर चवड्यावर जोर देऊन पाऊल उचलता आले का. त्या दहा मिनिटांत तुम्हाला पालथे झोपवून पोटरी हलकेच दाबली असेल, तर ती याच शंकेची चाचणी होती. हा दोर शाबूत असेल तर पोटरी दाबताच पाऊल खाली झुकते, पूर्ण तुटला असेल तर ते सहसा हलत नाही. सिमंड्स यांनी १९५७ मध्ये आणि थॉम्पसन यांनी १९६२ मध्ये वर्णन केलेली ही तपासणी काही सेकंदांत उरकते, त्यामुळे रुग्णाला ती तपासणी वाटतच नाही.

जिना चढताना दुखते की उतरताना, गुडघा सरळ असताना की वाकवल्यावर, हे विचारण्यामागे पोटरीची रचना आहे. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस हा स्नायू गुडघ्याच्याही वर, मांडीच्या हाडापासून निघतो, तर त्याखालचा सोलियस गुडघ्याच्या खालीच सुरू होतो. त्यामुळे गुडघा वाकवला की वरचा स्नायू सैल पडतो आणि ताण मुख्यतः खालच्यावर येतो. सरळ पायाने अधिक दुखत असेल तर दोष बहुधा वरच्यात, वाकवूनही तितकेच दुखत असेल तर खालच्याकडे संशय जातो. त्यावरून व्यायाम बसून द्यायचा की उभ्याने, हे ठरते.

प्रवास, अलीकडची शस्त्रक्रिया, अंथरुणावर काढलेले दिवस, पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली होती का, हे प्रश्न अनेकांना भोचकपणाचे वाटतात. मला मात्र ते सर्वांत महत्त्वाचे वाटतात, कारण पोटरीच्या खोल शिरेतली गुठळीही दुखते, सुजते आणि स्नायूच्या दुखापतीसारखीच दिसू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. घोट्यापाशी उमटलेल्या काळ्यानिळ्या डागाने मात्र घाबरू नका. पोटरीत साकळलेले रक्त वजनाने खाली झिरपते आणि काही दिवसांनी तिथे दिसू लागते. परंतु पोटरी दिवसागणिक अधिक सुजत, ताठरत किंवा गरम होत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखले तर तडक रुग्णालय गाठा. कंबर आणि मुंग्यांचे प्रश्न पाठीतून येणारी नस वगळण्यासाठी असतात, झोपेचा प्रश्न विश्रांतीतही दुखते का हे कळण्यासाठी.

आता न सांगितलेल्या तीन गोष्टी. जुनी दुखापत सांगायलाच हवी होती, कारण पूर्वी फाटलेला स्नायू पुन्हा फाटण्याचा धोका अधिक असतो आणि ‘पहिल्यांदाच झाले’ असे समजून आखलेला कार्यक्रम तुमच्या पायाला घाईचा ठरेल. शेकण्या-चोळण्याबद्दल रागावतील या भीतीने लोक गप्प बसतात; पण ताज्या दुखापतीवर उष्णता आणि जोराचे मर्दन यांनी रक्तस्राव वाढू शकतो, आणि ते माहीत नसेल तर आजची सूज पाहून दुखापत आहे त्यापेक्षा मोठी आहे असा समज होईल. पत्रातली तिसरी गोष्ट वाचून मी थबकलो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके लघवीच्या संसर्गासाठी दिली जातात आणि त्यांनी क्वचित स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर, विशेषतः अकिलीस, दुखावतात किंवा तुटतातही. हा परिणाम औषध थांबवल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही दिसू शकतो. तुमचे औषध त्यांपैकीच होते असे मी म्हणत नाही. जुनी चिठ्ठी किंवा गोळ्यांचे पाकीट शोधा आणि त्यावरचे नाव आजच फिजिओथेरपिस्टना फोनवरून सांगा, कारण टाचेचे व्यायाम वाढवण्यापूर्वी त्यांना ते कळलेले बरे. पुढच्या वेळी ‘काही औषधे चालू आहेत का’ असे विचारले, तर नुकतीच संपलेलीही सांगावीत.

पुढे काय करायचे आहे, या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. बहुतेक जण ‘दुखायचे थांबले म्हणजे झाले’ असे म्हणतात. हे उत्तर नोंदवले गेले तर उपचार दुखणे थांबल्यावर संपतील, आणि दुखणे थांबते तेव्हा स्नायूची ताकद परतलेली असतेच असे नाही. दोन वर्षांपूर्वी तुमचे बहुधा हेच झाले असावे. तुम्हाला पुन्हा जाळीजवळ झेपावायचे असेल तर तसे स्पष्ट सांगा. मग उजव्या पायाच्या चवड्यावर एकट्याने किती वेळा टाच उचलता येते, हे डाव्याशी ताडून पाहिले जाईल, उड्या आणि एकदम थांबणे यांचा सराव होईल, आणि खेळाची परवानगी त्या आकड्यांवरून मिळेल.