समुद्री गोगलगायींतली जीवाणूरोधक द्रव्यं: सुरुवात करताना

समुद्री गोगलगायींत जीवाणूरोधक द्रव्यं शोधायचा तुमचा उत्साह बघून बरं वाटलं. विषय मोठा आहे, पण सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळा.

पहिली, नियंत्रण चाचणी, म्हणजे अर्काशिवाय केलेली तुलना. गोगलगायीच्या अर्कात भिजवलेली कागदी चकती जीवाणू वाढवलेल्या पेट्री डिशमध्ये (उथळ काचेच्या बशीत) ठेवतात. अर्क मिथेनॉल या द्रावकात काढलात, तर नुसत्या मिथेनॉलची एक चकतीही त्याच पेट्री डिशमध्ये ठेवा, आणि चकत्या पूर्ण वाळू द्या. हे मी सुरुवातीला केलं नव्हतं. चकतीभोवती जीवाणू न वाढलेलं छान स्वच्छ वर्तुळ उमटलं, मी हरखलो, आणि तो प्रताप निघाला ओल्या द्रावकाचा!

दुसरी, उजेड. ऑस्ट्रेलियातल्या डायकॅथेस ऑर्बिटा या गोगलगायीचं उदाहरण घ्या. तिच्या अंड्यांच्या ताज्या पिशव्यांत टायरिव्हर्डिन नावाचं द्रव्य असतं. जीवाणूंना रोखतं ते हे. उन्हात ते जांभळ्या रंगात बदलतं, आणि गंधकाचा उग्र दर्प सुटतो. नवशिके जांभळा रंग बघून खूश होतात. खरं तर तेव्हा कामाचं द्रव्य हातातून गेलेलं असतं. म्हणून नमुना अंधारात, थंड ठेवा आणि रंग दर वेळी वहीत टिपा.

तिसरी, वर्तुळाची रुंदी म्हणजे औषधाची ताकद नव्हे. द्रव्य अगारमध्ये (डिशमधल्या जेलीसारख्या थरात) किती पसरतं यावरही ती ठरते. जीवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा काढा, आणि तीच मात्रा मानवी पेशींनाही मारते का ते तपासा.

शंकूच्या आकाराचा जिवंत शंख मात्र हातात घेऊ नका. त्यातल्याच कोनस जिओग्राफस या विषारी गोगलगायीच्या दंशाने माणसं दगावली आहेत.

रेणूची रचना वगैरे नंतर बघू. आधी एकच प्रजाती नीट ओळखून घ्या.