बाळ सात महिन्यांचं, एकदम लुळं आणि बारीक, तरी डॉक्टर म्हणतात प्रेडर-विली असू शकतं. हा तर लठ्ठपणाचा आजार ना?

हो, असू शकतं, कारण यात सुरुवात लठ्ठपणानं होतच नाही, उलटी होते. मी कोथरूडला लहान मुलांची फिजिओथेरपी करते, अशी मोजकीच बाळं पाहिलीत पण चित्र तेच, काखेत धरून उचललं की हातातून सटकतंय असं वाटतं, रडणं मांजरीच्या पिल्लासारखं बारीक, दूध ओढायला जोर नाही म्हणून बोंडल्यानं नाहीतर नळीनं पाजावं लागतं. मुलगा असेल तर बऱ्याचदा वृषण खाली उतरलेले नसतात, हे डॉक्टरांना नक्की विचारा. पुढे साधारण दोन वर्षांनंतर वजन वाढायला लागतं आणि मग भूक, म्हणजे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचतच नाही, घरात फ्रिजला कुलूप लावावं लागतं (याला हावरटपणा म्हणणारे नातेवाईक भेटतीलच, लक्ष देऊ नका). मूळ कारण, १५ नंबरच्या क्रोमोसोमवरचा वडिलांकडून येणारा भाग नसतो किंवा बंद असतो, बहुतेक वेळा निव्वळ योगायोगानं, कुणाची चूक नाही.

पण फक्त लुळेपणावरून ठरवू नका, एसएमए (स्नायू कमजोर करणारा जनुकीय आजार), थायरॉइड अशी बरीच कारणं असतात. रक्ताची डीएनए मिथायलेशन टेस्ट (हा भाग चालू आहे की बंद ते दाखवणारी) करा, ९९ टक्क्यांहून जास्त केसेस त्यात कळतात. साधी क्रोमोसोम टेस्ट नॉर्मल आली तरी हे असू शकतं.