'फ्रँकोफोन' म्हणजे 'फ्रेंच' नव्हे

प्रश्न असा आला आहे: 'फ्रँकोफोन' म्हणजे फ्रेंच बोलणारा; मग 'फ्रँकोफोन सिनेमा'ला मराठीत सरळ 'फ्रेंच सिनेमा' म्हटलं तर चालेल का? नाही चालणार. महोत्सवांच्या पत्रिकांत पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलचा सिनेमा बिनदिक्कत 'फ्रेंच' म्हणून छापतात आणि दर वेळी डोकं फिरतं. मॉरिशसची मराठी मंडळी क्रिओल बोलतात, पेपर फ्रेंचमध्ये वाचतात. त्यांना कोणी फ्रेंच म्हणेल का?

हा शब्द सेनेगलचे कवी-राष्ट्राध्यक्ष सेंगोर यांनी घडवला, असं छातीठोकपणे सांगणारे जाणकार आहेत. साफ चूक. सेंगोर यांनी १९६२ साली 'एस्प्री' मासिकातल्या लेखातून त्याला बळ दिलं, एवढंच. घडवला तो ओनेझिम रेक्ल्यू या फ्रेंच भूगोलतज्ज्ञाने, १८८० च्या सुमारास. माणसं वंशाने न मोजता भाषेने मोजायची, हा त्याचा विचार. हेतू मात्र साम्राज्यविस्ताराचाच. आणि त्याने सेनेगल मोजणीतून बाजूला ठेवलं होतं! तिथे फ्रेंच रुजेल याची त्याला खात्री नव्हती.

पण खरी मौज मागच्या 'फोन'मध्ये आहे. ग्रीक 'फोने' म्हणजे आवाज. २००७ साली फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या ४४ लेखकांनी 'ल माँद' या फ्रेंच दैनिकात जाहीरनामा काढला, 'फ्रँकोफोन' नावाची भाषा कोणी बोलत नाही की लिहीत नाही म्हणून शब्दच निकालात काढला. त्यांचा राग रास्त, व्युत्पत्ती कच्ची. ते भाषेचं नाव कधी नव्हतंच. आवाज कोणाचा, हे त्या शब्दात विचारलेलं आहे, असं माझं ठाम मत.

सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेम्बेन यांचा 'ला न्वार द...' (१९६६) हा सिनेमा पाहा. सेनेगलची राजधानी डाकारहून फ्रान्सला नेलेली मोलकरीण दिवाना मालकिणीपुढे 'वी, मादाम' (हो, बाईसाहेब) यापलीकडे फारसं बोलत नाही. मनातलं मात्र अस्खलित फ्रेंचमध्ये ऐकू येतं, आणि तेही भूमिका करणाऱ्या म्बिसिन तेरेझ दिओप यांच्या आवाजात नव्हे, तर हैतीच्या गायिका तोतो बिसँत यांच्या. सेनेगलची बाई, हैतीचा गळा, फ्रेंच शब्द! कोणत्या कोशाने 'फोन' इतका नेमका उलगडलाय?

पुढे 'मांदाबी' (१९६८) सेम्बेन यांनी वोलोफ या सेनेगलच्या भाषेत केला. 'चेद्दो'वर (१९७७) तर सेंगोर सरकारने बंदी घातली आणि कारण दिलं शुद्धलेखनाचं: नावात एकच 'द' हवा! सेम्बेन हटले नाहीत. मी त्यांच्याच बाजूचा.

तेव्हा लेखकासाठी 'फ्रेंचभाषक' चालेल. सिनेमासाठी आधी देश लिहा, मग भाषा: 'मांदाबी', सेनेगलचा वोलोफ सिनेमा.