वाभाडे काढले की संहिता सुधारते?

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था आहे. यंदाची एकांकिका आमच्यातल्याच एका मुलीनं लिहिली. पहिल्या वाचनाला मी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, संवाद पुस्तकी आहेत, शेवट ओढूनताणून आणलाय. तेव्हापासून ती ‘सर, तुम्ही सांगाल तसं करते’ एवढंच म्हणते. नवीन काही सुचवतच नाही. आम्ही तर परीक्षकांकडून याहून कितीतरी ऐकून घेतलंय. आताची मुलं फार हळवी आहेत का?
– एक दिग्दर्शक, सातारा

उत्तर : हळवी कसली हो, हुशार आहे ती! सरांना आवडेल तेवढंच लिहिलं की सुटलो, हे तिनं बरोबर ओळखलं.

तुमचं म्हणणं खरंही असेल. पण ते कोण म्हणतंय यावर फार ठरतं. येऊन जून किम आणि जुनहा किम या संशोधकांचा २०२० सालचा अभ्यास नेमका यावरच आहे. टीका वरिष्ठानं केली की माणसाचं लक्ष कामावरून उडतं आणि ‘आता इथे आपली किंमत काय’ यात अडकतं. नवं सुचणं आटतं. बरोबरीच्यांनी केली तरी तेच. हाताखालच्यांनी साहेबावर केली तर मात्र साहेबाची कल्पकता वाढते, कारण त्याच्या खुर्चीला धक्का नसतो. तेव्हा ‘चला, सगळ्यांनी मोकळेपणानं मत द्या’ हा उपाय करू नका. टीकाच हवी असेल, तर तुम्ही बसवलेल्या हालचालींवर पोरांना तोंड उघडू द्या आणि त्यातलं एखादं सर्वांदेखत बदला.

राहिले तुमचे परीक्षक. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८३ साली वृत्तपत्रातली पुस्तक-परीक्षणं अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही रूपांत लोकांना वाचायला दिली. झोडपणारा परीक्षक लोकांना जास्त बुद्धिमान वाटला. नाट्यस्पर्धांच्या वर्तुळात वाढलेल्या आपल्या सगळ्यांनाच ही बाधा आहे, मीही त्यातलीच.

‘पुस्तकी’ म्हटल्यावर तिनं घरी जाऊन नेमकं काय खोडायचं? समजा संहितेत ‘बाबा, तुमच्या निर्णयानं मी व्यथित झालेय’ असं वाक्य आहे. ज्या मुलीला ते बोलायचंय तिला उभं करा, बाबांच्या हातात चहाचा कप द्या आणि म्हणायला लावा. जीभ अडखळेल, कुणीतरी फिसकन हसेल. तुम्ही गप्प बसा. लेखिकेच्या हातात पेन्सिल असेलच.

शेवटाबद्दल तूर्त एक अक्षर काढू नका. पुढचा खर्डा कधी दाखवायचा हे तिला ठरवू द्या. फक्त संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे प्रयोगाआधी ती तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवायची असेल, तर त्याला लागणारा वेळ धरून शेवटची तारीख तेवढी आत्ताच सांगून ठेवा.