खंड ताणला जाताना प्रस्तरभंग एकदम पडतो की हळूहळू वाढतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पूर्व आफ्रिका दुभंगते आहे म्हणतात, तर तिथले प्रस्तरभंग, म्हणजे ज्यांच्यावरून खडक सरकतो अशा भेगा, एका झटक्यात पडतात की वाढत जातात? आणि बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटात दिसणारा सह्याद्रीचा कडा हा तसाच प्रस्तरभंग आहे का?

मी भूगर्भशास्त्र शिकलो आणि आता खानापूर-बैलहोंगल भागात बोअरचे पॉइंट दाखवतो. खडकातल्या भेगांवरच पोट आहे म्हणा ना.

आमच्या बेळगावचे मांडे करताना पाहिलेत का? पीठ जरा उघडं राहून वरून सुकलं, की हातावर ताणताना आतला भाग मऊ लांबत जातो आणि वरच्या पापुद्र्याला चिरा पडतात. एक मोठी चीर नाही, बारीक बारीक पुष्कळ. आणखी ताणलं की त्यातल्या काही एकमेकींना मिळतात आणि पुढचा ताण त्याच खातात. बाकीच्या होत्या तेवढ्याच राहतात. भूकवचाचा वरचा दहा-पंधरा किलोमीटरचा थर असाच ठिसूळ असतो, खालचा तापलेला खडक लांबतो. फरक इतकाच की खडकातली भेग नुसती उघडत नाही; तिरप्या पातळीवरून एका बाजूचा खडक खाली घसरतो.

ही घसरण भेगेच्या मध्यावर सर्वांत जास्त आणि टोकांना शून्य असते. शेजारच्या दोन भेगांची टोकं एकमेकींना ओलांडून पुढे गेली, की मधली जमीन वाकून उतरती होते. मला हा भाग सगळ्यांत आवडतो, कारण नद्या नेमक्या त्याच उतारावरून खचदरीत शिरतात आणि पायथ्याशी वाळूचे ढीग टाकतात. गाडल्या गेलेल्या वाळूत तेल साठू शकतं, म्हणून तेलवाले अशा जागा हुडकत असतात. पुढे तो उतारही फुटतो आणि दोन भेगांची एक होते. मोठा प्रस्तरभंग नकाशावर सरळ न दिसता नागमोडी दिसतो, तो या सांध्यांमुळे.

आमच्या पुस्तकांत होतं की लांबी आणि घसरण बरोबरीने वाढतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उत्तर समुद्रासारख्या ठिकाणी समुद्रतळाखालच्या गाळाचे थर तपासल्यावर वेगळं चित्र पुढे आलं. खचणाऱ्या बाजूला गाळ जाड साचतो, त्यामुळे कुठल्या काळात किती घसरण झाली ते थरांवरून कळतं. बऱ्याच प्रस्तरभंगांनी आपली लांबी सुरुवातीलाच गाठलेली दिसते. नंतर त्या लांबीत फक्त घसरण वाढत गेली. वाद अजून मिटलेला नाही, पण मला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं.

झटका की हळूहळू, याचं उत्तर हिशेबात आहे. एका मोठ्या भूकंपात जमीन एक-दोन मीटर घसरते. किलोमीटरभर घसरण साठायला दोन-दोन मीटरचे 500 भूकंप लागतील, आणि दोन भूकंपांमध्ये शेकडो-हजारो वर्षं जातात. म्हणजे झटकेच, पण लाखो वर्षांत वाटलेले. कधी खालून शिलारस घुसतो आणि काम भराभर होतं: सप्टेंबर 2005 मध्ये इथिओपियाच्या अफार भागात सुमारे 60 किलोमीटर लांबीचा पट्टा काही आठवड्यांत फाटला, काही ठिकाणी तर 8 मीटरपर्यंत. 2018 मधला केनियातल्या रस्त्याच्या भेगेचा व्हिडिओ मात्र त्यात धरू नका. तिथे पावसाने ज्वालामुखीची भुसभुशीत राख वाहून नेली, असं अनेक भूवैज्ञानिकांनी तेव्हाच सांगितलं होतं.

आता चोर्ल्याचा कडा. भारत आणि सेशेल्स (हिंदी महासागरातली बेटं) वेगळे झाले ते साधारण 6.3 कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहिल्यानंतर थोड्याच काळात. त्या ताणाचे मुख्य प्रस्तरभंग किनाऱ्यालगत आणि समुद्राखाली आहेत. घाटात दिसतो तो कडा पाऊस आणि ओढ्यांनी झिजत झिजत पूर्वेला सरकलेला आहे, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. खचदरीच्या कडा उचलल्या जातात आणि जमीन मागच्या बाजूला कलते, हे आफ्रिकेत आजही दिसतं. आपल्याकडे हा कल बघायचा तर कणकुंबीला जाल तेव्हा मलप्रभेचा उगम बघा. पश्चिमेचा समुद्र हाकेच्या अंतरावर असताना ही बाई त्याच्याकडे पाठ करून सौंदत्तीकडे निघते आणि कृष्णेच्या पाण्यातून थेट बंगालच्या उपसागराला मिळते.