पानाखालची कोळीकीड ओळखायची कशी? वांगी आणि मिरची उत्पादकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळी भाजीपाल्यात सध्या एकाच धाटणीचे प्रश्न येत आहेत. पाने पांढुरकी पडतात, वाटीसारखी वळतात, दोन-तीन फवारण्या झाल्या तरी फरक नाही आणि डोळ्यांना कीड काही दिसत नाही. यातील बऱ्याच प्रश्नांच्या मुळाशी कोळीकीड, म्हणजे पानाखाली राहून रस शोषणारे अगदी बारीक कोळी, आहे. दुकानात जाण्याआधी पान उलटून भिंगातून पाहिले, तर निम्मा खर्च वाचतो. म्हणून या उत्तरांत औषधांपेक्षा ओळखीवर जास्त लिहिले आहे.

प्रश्न: वांग्याच्या पानांवर वरून बारीक पांढरे-पिवळे ठिपके आहेत. झिंकची कमतरता समजून सूक्ष्म अन्नद्रव्ये फवारली, पण उपयोग झाला नाही. शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी पायरेथ्रॉइड गटाच्या (सायपरमेथ्रीनसारख्या कीटकनाशकांच्या) तीन फवारण्या झाल्या आहेत. हे काय असेल?

वर्णनावरून लाल कोळी वाटतो. तरी खात्री शेतातच करा. अन्नद्रव्याच्या कमतरतेत पिवळेपणा शिरांच्या मधल्या भागात सलग पसरतो आणि साधारण सगळ्या झाडांवर सारखा दिसतो. कोळ्याचे ठिपके मात्र सुईने टोचल्यासारखे सुटे-सुटे असतात. कोळी पेशीत सोंड खुपसून हरितद्रव्यासह रस शोषतो, म्हणून रिकामी झालेली प्रत्येक जागा पांढरी दिसते. सुरुवात मधल्या शिरेजवळ आणि देठाकडच्या भागात होते. झाडावर आधी खालची आणि मधली जून पाने धरली जातात. शेतात पाहायचे तर बांधाकडच्या, विशेषतः धूळ उडणाऱ्या रस्त्याकडच्या ओळी पहिल्यांदा जातात.

आता पान उलटा. किमान 10 पट मोठे दाखवणारे भिंग घ्या. 20 पटीचे असेल तर उत्तम. भिंग डोळ्याजवळ धरा आणि पान हळूहळू भिंगाकडे आणा. बरेच जण भिंग पानावर ठेवून लांबून पाहतात, त्यामुळे काहीच स्पष्ट दिसत नाही. पाठीवर ऊन घेऊन उभे राहा, म्हणजे उजेड पानावर पडेल. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंच्या खोलगट जागा आधी पाहा.

पूर्ण वाढलेला कोळी जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. अंगाने लांबट गोल, रंग लालसर किंवा पिवळट हिरवा. हिरवट कोळ्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग दिसतो. त्यामुळे ‘लाल’ नावावर जाऊन फक्त लालच शोधू नका. पाय आठ असतात, पण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहाच असतात. अंडी अगदी गोल आणि काचेच्या मण्यासारखी पारदर्शक. उबायला आली की फिकट पिवळसर होतात. अंड्यांच्या आजूबाजूला टाकलेल्या कातींचा पांढरा भुगा आणि बारीक धागे असतात. धाग्यांची जाळी नुसत्या डोळ्यांनी दिसू लागली, तर प्रादुर्भाव बराच पुढे गेला आहे असे समजा.

भिंग हाताशी नसेल, तर पांढऱ्या कागदावर पान टिचकी मारून झटका आणि थोडा वेळ थांबा. मिरीपूड पडल्यासारखे ठिपके सावकाश चालू लागले तर ते कोळी. लांबट, गव्हाळ रंगाचे आणि भरभर पळणारे फुलकिडे. पान हलवताच तिरके पळणारे किंवा उडी मारणारे हिरवे कीटक म्हणजे तुडतुडे, आणि त्यांच्या नुकसानीत पान कडेकडून पिवळे पडून करपते. कागदावरचे ठिपके बोटाने पुसल्यावर लालसर रेघ उमटली तर कोळ्याची शक्यता वाढते.

तीन पायरेथ्रॉइड फवारण्यांचा येथे थेट संबंध आहे. कोळी हा कीटक नाही. तो घरात जाळे विणणाऱ्या कोळ्यांच्या, विंचवांच्या वर्गातला. सायपरमेथ्रीन किंवा लॅम्डा सायहॅलोथ्रीनने तो आटोक्यात येत नाही. मात्र त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. काळ्या रंगाचा, मोहरीहून लहान स्टेथोरस ढालकिडा, शिकारी फुलकिडे आणि परभक्षी (किडींना खाणारे) कोळी एकदम नाहीसे झाले की लाल कोळी मोकाट वाढतो. उन्हाळ्यात त्याची पिढी आठ-दहा दिवसांत पूर्ण होते आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. अळीसाठी यापुढे कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना पकडणारे) लावणे, कीडलेले शेंडे तोडून नष्ट करणे याला आधी महत्त्व द्या. पायरेथ्रॉइडची पुनरावृत्ती थांबवा.

भिंगातून पाहताना एक गोष्ट आवर्जून तपासा. पेअरच्या आकाराचा, चकचकीत, लांब पायांचा आणि पान हलवताच वेगाने धावणारा कोळी दिसला, तर तो परभक्षी आहे. त्याचे अंडे लाल कोळ्याच्या अंड्यापेक्षा मोठे आणि लांबट गोल असते. आठ-दहा लाल कोळ्यांमागे असा एक दिसत असेल आणि जाळी धरली नसेल, तर चार-पाच दिवस थांबून पुन्हा पाहणी करा. तो आपले काम करतो आहे.

प्रश्न: मिरचीत बोकड्या (पाने वळून आकसणे) आला आहे. कोणी व्हायरस म्हणतो, कोणी फुलकिडे, कोणी कोळी. झाडे उपटावीत का?

उपटण्याआधी पान कोणत्या दिशेने वळले आहे ते पाहा. सर्वात मोठा पुरावा तोच आहे.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळल्या असतील आणि खालच्या बाजूला चंदेरी ओरखडे असतील, तर फुलकिडे. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखे झाले असेल, पान अरुंद, गर्द हिरवे आणि कडक लागत असेल, देठ लांबले असतील आणि खालची बाजू तांबूस चकाकत असेल, तर पिवळा कोळी. पाने लहान राहून झुबका झाला आहे, शिरा जाड झाल्या आहेत, पान पिवळसर होऊन वर वळले आहे आणि पांढरी माशीही आहे, तर पर्णगुच्छ विषाणू असण्याची शक्यता जास्त. एकाच झाडावर फुलकिडे आणि पिवळा कोळी दोन्ही असतील तर पाने वरही वळतात आणि खालीही. अशा वेळी भिंगाशिवाय निर्णय घेऊ नका.

पिवळा कोळी लाल कोळ्याच्या निम्म्याहूनही लहान, 0.2 मिलिमीटरच्या आत असतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही आणि जाळीही करत नाही. शोधण्याची जागाही उलटी: जून पानांवर वेळ घालवू नका, शेंड्याची नुकती उमललेली दोन-तीन पाने घ्या. खूप वेडीवाकडी झालेली पाने कोळ्याने बहुधा सोडलेली असतात, म्हणून थोडेसेच वळू लागलेले पान निवडा. 20 पटीच्या भिंगातून फिकट पिवळे, काचेसारखे चमकणारे, अंडाकृती कोळी दिसतील. पक्की खूण म्हणजे अंडी. ती चपटी, पानाला चिकटलेली आणि वरून पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असलेली असतात. असे अंडे सापडले की वाद संपला.

मिरचीत आणखी एक गफलत होते. पानाखाली पांढरा थर दिसला की काही जण कोळ्याच्या काती समजतात. मिरचीची भुरी पानाच्या खालच्या बाजूलाच वाढते आणि त्याच जागी वरून पिवळा डाग पडतो. भिंगातून भुरीची पीठासारखी बुरशी दिसते. काती सुट्या, पायांच्या खुणा असलेल्या पापुद्र्यांसारख्या असतात.

शेजारी ऊस असेल तर 2,4-डी तणनाशकाचा विचार करा. त्याची वाफ किंवा तुषार आले तर शेंड्याची पाने अरुंद होतात, पिळवटतात, शिरा एकमेकींना समांतर दिसतात आणि नुकसान वाऱ्याच्या दिशेच्या ओळींत एकदम, दोन-चार दिवसांत उमटते. अशा शेंड्यावर भिंगातून काहीच सापडत नाही. तेथे कोळीनाशक मारणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा.

प्रश्न: कोळीनाशक मारले तरी पाने सरळ होत नाहीत. औषध बनावट आहे का?

वळलेले पान पुन्हा सरळ होत नाही आणि पांढरे पडलेले ठिपके हिरवे होत नाहीत. फवारणीचा परिणाम फवारणीनंतर आलेल्या नव्या पानांवर, आठ-दहा दिवसांनी पाहा. त्याआधी तिसऱ्या दिवशी भिंगातून पाहून सुईच्या टोकाने कोळ्याला हात लावा. हालचाल नाही, अंग सुकून तपकिरी झाले आहे, तर औषध लागू पडले. जुन्या पानांकडे पाहून लगेच दुसरे औषध मारण्याची घाई फार नुकसान करते.

खरे अपयश बहुतेक वेळा फवारणीच्या पद्धतीत असते. कीड पानाखाली आणि फवारा वरून, असे झाले तर चांगले औषधही फुकट जाते. पोकळ शंकू नोझल वापरा, नळी झाडाच्या बुडाशी नेऊन नोझलचे तोंड वर करा. पूर्ण वाढलेल्या पिकात एकरी 200 लिटर पाणी लागतेच. दोन-चार ओळी झाल्यावर थांबून पाने उलटून पाहा. खालची बाजू कोरडी असेल तर चाल कमी करा.

स्पायरोमेसिफेन 22.9 एससी, 10 लिटर पाण्यात 8 मिली, वांग्यातील लाल कोळ्यासाठी आणि मिरचीतील पिवळ्या कोळ्यासाठी वापरता येते. फवारणीनंतर वांग्यात 5 आणि मिरचीत 7 दिवस तोडणी करू नका. मिरचीत पर्याय म्हणून फेनपायरॉक्झिमेट 5 ईसी, 10 लिटरला 10 मिली. दोन्हींची काम करण्याची पद्धत वेगळी आहे, म्हणून आलटून-पालटून वापरा. एकच औषध सलग दोनदा नको. दुसरी फवारणी लागली तर सात-आठ दिवसांनी घ्या, कारण पहिल्या फवारणीत वाचलेल्या अंड्यांतून तोपर्यंत पिल्ले बाहेर येतात. खरेदीवेळी लेबलवर आपल्या पिकाचे नाव आणि काढणीपूर्व कालावधी (फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे दिवस) वाचा. डायकोफॉल या जुन्या कोळीनाशकावर 2023 मध्ये बंदी आली आहे, जुना साठा कोणी देत असेल तर घेऊ नका.

प्रादुर्भाव कमी असताना पाण्यात मिसळणारे गंधक 80 टक्के, 10 लिटरला 20 ग्रॅम, स्वस्त आणि परिणामकारक पडते. पण तापमान 35 अंशांच्या वर असताना, काकडीवर्गीय पिकांत आणि तेलयुक्त फवारणीनंतर दोन आठवड्यांच्या आत ते वापरू नका, पाने करपतात. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्कही चालतो. परसबागेत किंवा गच्चीवरच्या गुलाबाला आधी नुसत्या पाण्याचा जोराचा फवारा पानाखालून द्या. बरेचसे कोळी आणि जाळी धुऊन जाते.

प्रश्न: पाहणी किती आणि कधी करावी?

फेब्रुवारी ते मे दर चार दिवसांनी. एकरात नागमोडी चालत 20 झाडे निवडा, त्यात बांधाकडची पाच असू द्या. वांग्यात प्रत्येक झाडाचे वरचे, मधले आणि खालचे एकेक पान, मिरचीत दोन शेंडे. कीड असलेल्या ओळींत निंदणी-तोडणी शेवटी करा. कोळी कपड्यांवरून आणि पाट्यांवरून निरोगी ओळींत जातात. पिकाला पाण्याचा ताण पडू देऊ नका.

ओळख पटत नसेल तर नमुना तालुका कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात आणा. कडक वळलेली नव्हे, नुकतीच वळू लागलेली आठ-दहा पाने देठासह तोडा, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून मग पिशवीत ठेवा. ओल्या पिशवीत पाने घामेजतात आणि कोळी पानावरून निघून जातात. उन्हात गाडीवर टांगू नका, त्याच दिवशी पोहोचवा. सोबत मागच्या महिनाभरातील फवारण्यांची नावे, प्रमाण आणि तारखा लिहून आणा.